हॉर्न सबवूफर निवडताना : आधी वारंवारता, मग बॉक्सची संख्या, शेवटी आराखडा

गणपतीपासून शिमग्यापर्यंत कोकणातल्या साउंडवाल्यांना उसंत नसते, आणि या हंगामाच्या तोंडावर एकच प्रश्न ठिकठिकाणी विचारला जातो : खोल आणि जोरदार बेस हवा आहे, तर हॉर्न सबवूफरचा, म्हणजे रुंदावत जाणाऱ्या नळीतून फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा, कोणता बॉक्स बांधावा? विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुधा कुठूनतरी आलेला एखादा आराखडा असतो, सुतार ठरलेला असतो आणि १८ इंची स्पीकरही घेऊन ठेवलेले असतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. हॉर्नच्या बाबतीत आराखडा ही शेवटी ठरवायची गोष्ट आहे. त्याआधी आपल्याला किती खालच्या वारंवारतेपर्यंत जायचे आहे, एका जागी किती बॉक्स एकत्र ठेवता येणार आहेत आणि ते उघड्यावर ठेवायचे की भिंतींच्या आत, हे तीन प्रश्न सुटले पाहिजेत. ते सुटले की आराखड्यांच्या गर्दीतून दोन-तीनच उरतात. असे का होते ते समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र लागते, पण ते शाळेतल्या गणिताच्या फारसे पलीकडे जात नाही.

खालचा बेस महाग का पडतो

स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, मागेपुढे हलून हवा ढकलतो. साध्या बंद बॉक्समध्ये तेवढाच जोर एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्या वारंवारतेवर, हवा असेल तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झला २ मि.मी. पुरत असतील, तर ४० हर्ट्झला ८ मि.मी. आणि २० हर्ट्झला ३२ मि.मी. लागतात. एखाद्या चांगल्या १८ इंची स्पीकरचा पडदा मध्यापासून एका बाजूला १० मि.मी. हलतो आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२०० चौ. सें.मी. आहे असे धरू. ही सगळी हालचाल वापरली, तरी जमिनीवर ठेवलेल्या बंद बॉक्समधून ४० हर्ट्झला एक मीटरवर साधारण ११४ डेसिबल मिळतात. मागे ॲम्प्लिफायर कितीही वॅटचा लावला तरी हा आकडा फारसा वर जात नाही, कारण येथे मर्यादा विजेची नसून पडद्याच्या हालचालीची आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने ३२ मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ८४ डेसिबलच पोहोचतात, आणि इतक्या खालच्या स्वरांना आपला कान मुळातच मंद असल्यामुळे त्याला बेसची केवळ चाहूल लागते.

दुसरी अडचण कार्यक्षमतेची आहे. स्पीकरचा पडदा, त्याला हलवणारी तारेची गुंडाळी म्हणजे कॉईल आणि त्यांना धरून ठेवणारे भाग हवेच्या मानाने फार जड असतात. दगड लांब फेकणारा बळकट हात शेवरीचा कापूस तेवढा लांब फेकू शकत नाही, कारण त्याच्या ताकदीला समोरून कसला विरोधच मिळत नाही; उघड्या हवेत हलणाऱ्या पडद्याची अवस्था नेमकी तशीच असते. परिणामी साध्या बॉक्समध्ये दिलेल्या विजेपैकी एक ते पाच टक्केच आवाजात उतरते आणि बाकीची कॉईलमध्ये उष्णता होऊन जाते. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरने एक वॅटचे शंभर टक्के रूपांतर आवाजात केले, तर एक मीटरवर ११२ डेसिबल मिळतील. दहा टक्के केले तर १०२, आणि एक टक्का केले तर ९२. एक टक्क्याच्या आणि दहा टक्क्यांच्या बॉक्समध्ये हा जो १० डेसिबलचा फरक आहे, तो वीज वाढवून भरून काढायचा म्हटले तर दहापट वॅट लागतात.

हॉर्न काय करतो

हॉर्न म्हणजे एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाकडे विशिष्ट प्रमाणात रुंदावत जाणारी नळी. शंख, शिंग आणि तुतारी हे सगळे हॉर्नच आहेत. अरुंद टोकाला, म्हणजे गळ्यापाशी, हवा मोकळी सुटू शकत नाही. ती पडद्याला विरोध करते. त्या विरोधामुळे पडद्याच्या लहानशा हालचालीतून मोठा दाब निर्माण होतो. मग नळी हळूहळू रुंद होत जाताना हा दाब मोठ्या क्षेत्रफळावरच्या हालचालीत बदलतो आणि तोंडापाशी बाहेरच्या हवेत अलगद मिसळतो. चांगल्या हॉर्नची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या पुढे सहज जाते आणि मोठ्या समूहात ती पंचवीस टक्क्यांच्या घरातही पोहोचते. हवेचा भार असल्यामुळे पडदा कमी हलतो, आणि पडदा कमी हलला की आवाजातला विद्रूपपणाही कमी होतो. मैदानावर दूर उभे राहूनही हॉर्नचा बेस स्पष्ट आणि ठसठशीत वाटतो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

ही विद्या जुनी आहे. आर्थर गॉर्डन वेब्स्टर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचे हॉर्नचे समीकरण १९१९ साली प्रसिद्ध झाले आणि आजही सगळे गणित त्यावरच उभे आहे. त्या काळातल्या ॲम्प्लिफायरमधून मोजकेच वॅट निघत असल्यामुळे बोलपट आले तेव्हा चित्रपटगृहांतून अवाढव्य हॉर्न बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९४६ मध्ये पॉल क्लिप्श यांनी घडी घातलेला हॉर्न खोलीच्या कोपऱ्यात ठेवून, दोन भिंती आणि जमीन यांनाच हॉर्नचा शेवटचा भाग बनवणारा स्पीकर बाजारात आणला. कोपऱ्याचा हा मुद्दा पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आकाराचा हिशेब

हॉर्न किती खाली वाजेल हे दोन गोष्टी ठरवतात : तो किती सावकाश रुंदावतो आणि त्याचे तोंड किती मोठे आहे. ध्वनीचा वेग सोयीसाठी सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर ४० हर्ट्झची तरंगलांबी ८.६ मीटर येते. घातांकी हॉर्नमध्ये क्षेत्रफळ ठरावीक अंतराने दुप्पट होत जाते. ४० हर्ट्झच्या सीमेसाठी, म्हणजे हॉर्न जेथपर्यंत खाली वाजतो त्या वारंवारतेसाठी, हे अंतर सुमारे ४८ सें.मी., ६० हर्ट्झसाठी ३२ सें.मी. आणि ३० हर्ट्झसाठी ६३ सें.मी. असते. यापेक्षा घाईने रुंदावणारा हॉर्न त्या वारंवारतेला पडद्यावर पुरेसा भार टाकतच नाही. तोंडाचा नियम असा की त्याचा परीघ निदान एका तरंगलांबीएवढा हवा. ४० हर्ट्झला त्यातून जवळजवळ ६ चौ. मीटरचे तोंड निघते. मात्र बॉक्स जमिनीवर ठेवला की जमीन आरशासारखे काम करते आणि निम्मे, म्हणजे ३ चौ. मीटर, पुरते.

आता ५०० चौ. सें.मी.च्या गळ्यापासून सुरुवात करून ३ चौ. मीटरपर्यंत पोहोचायचे म्हटले, तर नळी २.८ मीटर लांब होते आणि तिच्या आतल्या नुसत्या हवेचे आकारमान २ घनमीटर, म्हणजे २००० लिटर, भरते. छोट्या हत्तीचा हौदा असा एकच बॉक्स अडवून बसेल. हाच हिशेब ६० हर्ट्झसाठी केला तर ५८० लिटर येतात आणि ३० हर्ट्झसाठी ४८०० लिटर. हे तीन आकडे प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावेत, कारण ‘अमुक बॉक्स ३० हर्ट्झपर्यंत जातो’ असे कोणी सांगितले की तो बॉक्स डोळ्यांनी मोजूनच दाव्याचा अंदाज घेता येतो. अभियंते याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात : लहान आकार, खोल बेस आणि उच्च कार्यक्षमता या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. हॉर्न घेणाऱ्याने कार्यक्षमता आधीच निवडलेली असते, तेव्हा त्याला आकार आणि खोली यांच्यातच तडजोड करावी लागते.

लांब नळी बॉक्समध्ये घडी घालून बसवल्याने बेसचे नुकसान होईल, अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. आठ मीटर लांबीच्या तरंगाला तीस-चाळीस सें.मी.चे वळण जाणवतही नाही. वळणांवरच्या तिरक्या फळ्यांचा थोडाफार परिणाम १०० हर्ट्झच्या वर होतो, आणि तेथपर्यंत टॉपने, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरने, काम हाती घेतलेले असते. त्या फळ्यांचा खरा उपयोग बॉक्स ताठ ठेवण्यासाठी आहे.

समूहाची ताकद

दोन घनमीटरचा हॉर्न कोणी बांधत नाही, तरीही हॉर्न वापरात आहेत, याचे कारण समूह. चार बॉक्स तोंडाला तोंड लावून, दोनावर दोन, असे रचले की त्यांची तोंडे मिळून एक मोठे तोंड होते. वरचाच ३ चौ. मीटरचा हिशेब चौघांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.७४ चौ. मीटरचे तोंड, १.८५ मीटरची नळी आणि सुमारे ४७५ लिटर हवा येते. स्पीकरच्या मागची पोकळी आणि लाकूड धरून बाहेरचे माप ६०० लिटरच्या आसपास जाते, म्हणजे साधारण ९० × ८० × ८५ सें.मी. हा बॉक्स उचलता येतो, गाडीत चढतो, दारातून जातो. मात्र तो एकटा वाजवला तर ४० हर्ट्झपर्यंत पोहोचत नाही; ५५-६० हर्ट्झखाली तो ढासळतो आणि त्याचा आवाज पोकळ लागतो. ‘आराखडा बरोबर होता, तरी बेस आला नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते, की चारांच्या समूहासाठी बेतलेला बॉक्स कोणीतरी एकच बांधून पाहिला.

प्रत्येक बॉक्सला त्याची त्याची वीज मिळत असेल तर संख्या दुप्पट केल्यावर ६ डेसिबल वाढतात : तीन जादा विजेमुळे आणि तीन एकत्र आल्यामुळे. बॉक्स मंचाच्या डावी-उजवीकडे विभागून ठेवले की ही दुसरी कमाई हातची जाते. शिवाय मैदानात बेसचे पट्टे पडतात. ६० हर्ट्झची तरंगलांबी ५.७५ मीटर असल्यामुळे, जेथे दोन्ही बाजूंच्या अंतरांतला फरक २.९ मीटर भरतो तेथे तो स्वर जवळजवळ नाहीसा होतो, आणि बरोबर मधोमध उभ्या असलेल्या मंडळींना तो नको तेवढा मिळतो. डावी-उजवी मांडणी दिसायला सुबक असते हे खरे, पण देखणेपणासाठी निम्म्या प्रेक्षकांचा बेस घालवणे मला पटत नाही. शक्य असेल तेथे सगळे हॉर्न मंचापुढे मधोमध, एकमेकांना चिकटून, जमिनीवरच ठेवावेत.

भिंतींचा उपयोग याच हिशेबात बसतो. जमीन आणि एक भिंत मिळाली तर लागणारे तोंड आणखी निम्मे, म्हणजे दीड चौ. मीटर होते, आणि कोपरा मिळाला तर ते पाऊण चौ. मीटरवर येते. चौघांसाठी बेतलेला एकच बॉक्स सभागृहाच्या कोपऱ्यात ठेवला की ४० हर्ट्झचे तोंड त्याला आपोआप मिळते. यासाठी भिंत जड हवी. जांभ्याच्या चिऱ्यांची जुनी भिंत या कामाला उत्तम आहे; पत्र्याची, प्लायची किंवा कापडाची कनात बेसला जणू नसतेच. मंदिराच्या प्रांगणात दशावतार किंवा डबलबारी असेल आणि मागे चिऱ्यांची गडग्याएवढी नव्हे तर पुरुषभर उंचीची भिंत असेल, तर तिला पाठ टेकवून दोन बॉक्स ठेवल्यास जवळपास चारांचे काम होते.

आपल्याला खरोखर किती खाली जायचे आहे

या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले तर पुष्कळ पैसे वाचतात. पुरुषी आवाजाचा पाया साधारण ८५ हर्ट्झपासून वर सुरू होतो. ढोलाच्या थापेचा बहुतेक जोर ६० हर्ट्झच्या वर असतो. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झ आहे आणि पाच तारांच्या गिटारचा ३१. विजेवर घडवलेल्या नाचाच्या संगीतात मात्र ३० ते ४५ हर्ट्झमध्ये भरपूर ऐवज असतो. म्हणजे भजन, जाखडी, दशावतार, निवेदन आणि रात्रीचे क्रिकेटचे सामने हे ज्याचे मुख्य काम आहे, त्याला ५०-५५ हर्ट्झपर्यंत जाणारे दोन हॉर्न पुष्कळ होतात. ऑर्केस्ट्रा आणि लग्नाचे स्वागतसमारंभ धरले तर ४० हर्ट्झ हे योग्य लक्ष्य आहे. ३० हर्ट्झच्या मागे केवळ नाचाच्या कार्यक्रमांवर पोट असणाऱ्याने लागावे, आणि त्यानेही ४८०० लिटरचा आकडा विसरू नये.

आराखड्यांच्या जाती

पुढून भरलेला घडीचा हॉर्न ही मूळ जात. स्पीकरची पाठ बंद पोकळीत असते आणि पुढची बाजू गळ्यातून हॉर्नमध्ये उघडते. सीमेच्या खालीही बंद पोकळीची हवा पडद्याला थोडाफार आवर घालते, स्वर स्वच्छ असतो आणि समूहात हा सर्वांत चांगला वाढतो. तोटा असा की स्पीकरचा मॅग्नेट बंद पेटीत अडकतो. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या दमट उकाड्यात तीन-चार तास सलग वाजवल्यावर कॉईल तापते, तिचा रोध वाढतो आणि आवाज हळूहळू खाली येतो. चार किंवा अधिक बॉक्स ठेवण्याची तयारी असेल तर मी निःसंशय याच जातीच्या बाजूने आहे.

स्कूप या प्रकारात स्पीकरचा पडदा समोर उघडा दिसतो आणि त्याची पाठ हॉर्नमध्ये वाजते. बांधायला सोपा, स्पीकर बदलायला सोपा, कॉईलला हवा मिळते, म्हणून तो लोकप्रिय आहे. परंतु पुढचा आणि मागचा आवाज वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात, त्यामुळे काही वारंवारतांना ते एकमेकांना उचलून धरतात आणि काहींना मारतात. परिणामी एक घुमणारा, गोलसर बेस मिळतो. संथ, लांबलेल्या बेसच्या संगीताला तो शोभतो. ढोलाच्या जलद थापांना तो चिखलासारखा चिकटतो.

टॅप्ड हॉर्न ही अलीकडची जात. टॉम डॅनली यांनी ती या शतकाच्या पहिल्या दशकात पुढे आणली. यात पडद्याच्या दोन्ही बाजू एकाच नळीत उघडतात, एक गळ्यापाशी आणि दुसरी तोंडापाशी. नळीतून वळसा घालून आलेला आवाज दुसऱ्या बाजूच्या आवाजाला नेमक्या वेळी येऊन मिळेल अशी लांबी बेतलेली असते. त्यामुळे एकट्या-दुकट्या बॉक्समधून ३५-४० हर्ट्झला जो जोर मिळतो तो त्याच आकाराच्या पुढून भरलेल्या हॉर्नला जमत नाही. ज्याच्याकडे एक-दोनच बॉक्स राहणार आहेत त्याच्यासाठी हा माझ्या मते सर्वांत शहाणा पर्याय आहे. मात्र त्याचा उपयुक्त पट्टा दीड-दोन सप्तकांचाच असतो, ९०-१०० हर्ट्झच्या वर तो खडबडीत होतो, आणि सीमेखाली पडद्याला आवरणारे काहीच नसते.

हॉर्नच नको, असेही एक उत्तर असू शकते. साध्या पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी आखूड नळी ठेवलेल्या, बॉक्समध्ये ठरवलेल्या वारंवारतेजवळ बहुतेक आवाज पोर्टमधून निघतो आणि पडदा फारसा हलत नाही. आजचे लांब हालचालीचे १८ आणि २१ इंची स्पीकर आणि स्वस्त झालेले डी-वर्गाचे, म्हणजे फार कमी वीज वाया घालवणारे, ॲम्प्लिफायर यांच्या जोरावर असे बॉक्स ३५ हर्ट्झपर्यंत लहान आकारात जातात. जेथे वीज भरपूर आहे आणि जागा कमी, तेथे ते सरस ठरतात. कोकणात मात्र गावातल्या लाइनचे व्होल्टेज संध्याकाळी उतरते आणि पुष्कळ कार्यक्रम जनरेटरवर चालतात; अशा ठिकाणी ६ डेसिबलची कार्यक्षमता म्हणजे पाव वीज, आणि पाव वीज म्हणजे लहान जनरेटर व कमी डिझेल. हॉर्नचा आग्रह धरण्याचे माझे सर्वांत मोठे कारण तेच आहे.

स्पीकर आणि संगणकावरची तपासणी

हॉर्नला ताकदवान मॅग्नेटचा आणि ताठ पडद्याचा स्पीकर लागतो. स्पीकरबरोबर येणाऱ्या कागदावर क्यूटीएस हा पडद्याच्या हालचालीला किती आवर बसतो ते सांगणारा आकडा असतो, तो ०.३५ च्या खाली असावा. त्याच कागदावरच्या एफएस (स्पीकरची नैसर्गिक वारंवारता) या आकड्याला क्यूईएसने (विजेच्या बाजूने मिळणाऱ्या आवराचा आकडा) भागल्यावर शंभरच्या वर उत्तर आले तर स्पीकर हॉर्नला मानवतो असा ढोबळ नियम आहे. पडद्याचे क्षेत्रफळ आणि गळ्याचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तरही पाहावे. १२०० चौ. सें.मी.चा पडदा ५०० च्या गळ्यात वाजवला तर ते २.४ येते आणि चांगल्या पडद्याला सोसते. गळा फार आवळला की कार्यक्षमता कागदावर वाढते, पण प्रत्यक्षात दाबाखाली पडदा चुरगळतो किंवा फाटतो.

आराखडा एका विशिष्ट स्पीकरसाठीच बेतलेला असतो. त्यात दुसरा, ‘तसाच दिसणारा’ १८ इंची बसवला की सगळे गणित सरकते. म्हणून लाकूड कापण्याआधी हॉर्नरेस्प हा डेव्हिड मॅकबीन यांचा मोफत मिळणारा संगणक-कार्यक्रम वापरावा. त्यात स्पीकरचे आकडे, गळा, तोंड, नळीची लांबी आणि मागची पोकळी भरली की आलेख मिळतो. दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. एक, बॉक्स कोठे ठेवला आहे ते सांगणारा कोन. उघड्या मैदानावरच्या जमिनीसाठी तो २ पाय (२π) ठेवावा लागतो, आणि कोपऱ्याचा कोन ठेवून आलेला देखणा आलेख मैदानावर कधीच खरा ठरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पडद्याच्या हालचालीचा आलेख. आवाजाचा आलेख सगळेच पाहतात, पण स्पीकर जगणार की जळणार हे हालचालीच्या आलेखात दिसते.

खाऱ्या हवेतले बांधकाम

लाकडात काटकसर करू नये. हॉर्नच्या आत दाब मोठा असतो आणि कंप पावणारी प्रत्येक फळी आवाज खाते. आयएस ७१० प्रमाणित १८ मि.मी.चे मरीन प्लाय वापरावे. साधे कमर्शियल प्लाय पहिल्याच पावसाळ्यात कडांपासून सुटू लागते, आणि एमडीएफ तर किनाऱ्याजवळ वापरूच नये. कापलेल्या प्रत्येक कडेला रंगापूर्वी सीलर पाजावा, बॉक्सच्या आतल्या बाजूलाही रंग द्यावा, कारण हॉर्नचे तोंड उघडे असते आणि दमट हवा थेट आत शिरते. स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लोखंडी टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) एका हंगामात गंजून धरतात आणि मग स्पीकर काढायचा म्हणजे बॉक्स फोडावा लागतो. सांध्यांतली हवेची गळती हा सर्वांत लपून राहणारा दोष आहे. मागच्या पोकळीच्या झाकणाला रबरी गॅस्केट हवीच.

वजनाचाही विचार आधीच करावा. आठ बाय चारची १८ मि.मी.ची एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते, एका बॉक्सला अडीच ते तीन शीट लागतात, आणि स्पीकर धरून बॉक्स शंभर किलोच्या घरात जातो. रस्त्यालगतच्या मैदानावर चाके लावून तो नेता येईल, पण ज्या वाडीत जायला पाखाडी उतरावी लागते तेथे तो चार माणसांनी उचलायचा असतो. म्हणून प्रत्येक बाजूला दोन, अशा मजबूत मुठी आराखड्यातच धराव्यात.

वाजवताना

हॉर्नला हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक वारंवारतेखालचा आवाज अडवणारी गाळणी, अत्यावश्यक आहे. सीमेच्या खाली पडद्यावरचा हवेचा भार नाहीसा होतो आणि मायक्रोफोन पडल्याचा एखादा धक्काही कॉईल बाहेर फेकू शकतो. ४० हर्ट्झच्या हॉर्नसाठी ३५ ते ३८ हर्ट्झवर, सप्तकाला २४ डेसिबल उताराचा फिल्टर प्रोसेसरमध्ये, म्हणजे ॲम्प्लिफायरआधी आवाज बेतून देणाऱ्या यंत्रात, लावावा. लिमिटरही, म्हणजे ठरावीक पातळीपुढे आवाज जाऊ न देणारी सोयही, व्होल्टेज मोजून लावावी : ८ ओहमच्या स्पीकरला १००० वॅट म्हणजे ८९ व्होल्ट. वरची बाजू ९० हर्ट्झच्या आसपास टॉपकडे सोपवावी. हॉर्नमधला आवाज नळीचे अंतर कापून बाहेर येतो, तेव्हा १.८५ मीटरच्या नळीसाठी टॉपला साधारण ५.४ मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो. तो दिला नाही तर नेमक्या थापेच्या पट्ट्यात आवाज खचतो आणि दोष बिचाऱ्या बॉक्सवर येतो.

शेवटचा विषय शेजाऱ्यांचा आहे, आणि तो मला तांत्रिक बाबींइतकाच महत्त्वाचा वाटतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही; राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यावर जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ असल्यामुळे तेथे हा आकडा ६५ होतो. ही मोजणी ‘ए’ भारावर, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे स्वर कमी मोजणाऱ्या पट्टीवर, होते आणि तो भार ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा करतो. म्हणजे १०० डेसिबलचा खोल बेस मीटरवर ६५ दिसतो, आणि मीटर नियमात असताना शेजारच्या घराची मंगलोरी कौले थरथरत असतात, आजारी माणसाची झोप उडालेली असते. बॉक्सची तोंडे दुसरीकडे वळवून यातून सुटका होत नाही, कारण पावणेदोन मीटर रुंदीचे तोंड साडेआठ मीटरच्या तरंगाला दिशा देऊ शकत नाही. तो मागेही जवळजवळ तेवढाच जातो. रात्री जमिनीलगतची हवा गार झाली की आवाज वरून खाली वळतो आणि खाडीपलीकडच्या वाडीपर्यंत पोहोचतो.

यासाठी मीटर ‘सी’ भारावरही लावून पाहावा. तो ४० हर्ट्झला दोनच डेसिबल वजा करतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या घरात खरोखर काय पोहोचते ते कळते. आणि प्रोसेसरमध्ये दोन प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या जुळण्या, कायमचे साठवून ठेवावेत : एक वस्तीपासून दूरच्या मैदानासाठी, पूर्ण खोलीचा, आणि दुसरा गावातल्या कार्यक्रमासाठी, ज्यात हाय-पास ५५ हर्ट्झवर नेलेला आणि लिमिटर ६ डेसिबलने खाली आणलेला असेल. दुसऱ्या प्रीसेटवरही ढोलाची थाप, गायकाचा आवाज आणि पखवाज यांतले काही हरवत नाही, कारण त्यांचा जोर त्याच्या वरच्या पट्ट्यात आहे.